आंबापोळीचं पाकीट १२० ला की २२० ला? किंमत गिऱ्हाइकाला काय सांगते

या वेळचा व्हिडिओ आपण पूर्णगडला केला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात जागा सांगतो. रत्नागिरीहून दक्षिणेला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालात की पावस लागतं, मग गणेशगुळे, आणि पुढे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड. टेकडीवर छोटा किल्ला, खाली खाडी, आणि पूल ओलांडला की गावखडीचा किनारा. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरात येणारी मंडळी, कशेळीच्या कनकादित्याला जाणारी कुटुंबं, किल्ला बघायला थांबणारे तरुण, सगळे याच रस्त्याने जातात. म्हणजे गिऱ्हाईक दारावरून जातंय. प्रश्न आहे तो त्याला काय भावाने विकायचं हा.

व्हिडिओत वेळेअभावी आकडेमोड घाईत झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक साधा प्रश्न. पूर्णगडच्या बंदरावर बाई बांगडा घ्यायला जाते, तेव्हा ती भाव ऐकून मासा चांगला की वाईट ते ठरवते का? अजिबात नाही. ती कल्ले उघडून लाल आहेत का बघते, डोळे बघते, बोटाने दाबून बघते. कोळीण दुप्पट भाव सांगेल म्हणून शिळा मासा ताजा होत नाही, आणि कमी सांगितला म्हणून ताज्या मासळीवर कुणी शंका घेत नाही. का? कारण घेणारीला वस्तू कळते.

आता तीच बाई मुंबईत राहणाऱ्या बहिणीसाठी आंब्याची पेटी घेते. वरून फळ केशरी, देठाजवळ गोल, वास सुंदर. पण आत साका असेल तर? साका म्हणजे गरात पडणारा तो पांढुरका, स्पंजासारखा आंबट भाग. हापूसला हे दुखणं आहे आणि वरून बघून ते सांगता येत नाही. फळ कापल्यावरच कळतं, आणि कापल्यावर परत करता येत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? दुसऱ्या खुणा शोधतो. कुणाच्या बागेतला, कुठल्या गावचा, ओळखीने आला का, आणि भाव किती. भाव फार कमी असला की मनात पाल चुकचुकते. "एवढा स्वस्त हापूस? कर्नाटकचा तर नाही ना?"

हा आजच्या धड्याचा गाभा. जिथे गिऱ्हाइकाला वस्तू पारखता येते तिथे किंमत ही फक्त किंमत असते. जिथे पारखता येत नाही तिथे किंमत हीच दर्जाची खूण होऊन बसते. तुमची वस्तू मासळीसारखी आहे की हापूससारखी, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

हापूसच्या बाजारात नेमकं काय होतं

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सावधपणे मधलाच काहीतरी भाव देतो. त्या मधल्या भावात खराब मालवाल्याला नफा होतो आणि चांगल्या मालवाल्याचं नुकसान होतं. हळूहळू चांगल्या मालवाला बाजारातून उठतो.

अकरलॉफ गाड्यांबद्दल लिहीत होता, पण रत्नागिरीच्या कुठल्याही बागायतदाराला हे वाचून दाखवा, तो म्हणेल हे तर आमचंच. वाशीच्या बाजारात परराज्यातला आंबा येतो, दिसायला हापूससारखा. त्यावर 'रत्नागिरी' किंवा 'देवगड' असं नाव छापलेली पेटी चढली की साध्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मग खरा हापूसवालाही त्या भावाला खेचला जातो. फवारणी, राखण, आढी, पेटी, गाडीभाडं हा सगळा खर्च मात्र त्याच्या डोक्यावर तसाच.

म्हणूनच ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याला महत्त्व आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. पण एक लक्षात घ्या. मानांकन कागदावर मिळाल्याने भाव मिळत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात असलेल्या फळावर किंवा पेटीवर ते दिसलं पाहिजे. नोंदणी करायची, स्टिकर लावायचं, क्यूआर कोड लावायचा, हे करणाऱ्यालाच "माझा भाव जास्त का" याचं उत्तर तोंडाने द्यावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी उलटी. हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला जो चढा भाव मिळतो तो चवीचा असतो का? फळ त्याच बागेतलं, त्याच कलमाचं. मे महिन्यात भाव उतरतो तो आवक वाढते म्हणून, आंबा बिघडला म्हणून नव्हे. पण पहिल्या पेटीचा भाव ऐकून लोक म्हणतात, "काय आंबा असेल!" टंचाईची किंमत दर्जाची किंमत म्हणून वाचली जाते. हे बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण असं होतं, आणि धंदा करणाऱ्याला ते माहीत हवं.

हे सगळं मनाचे खेळ आहेत का?

हो, आणि मोजलेले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २० जणांना वाईन चाखायला दिली आणि प्रत्येक वेळी तिची किंमत सांगितली. त्यांना वाटलं पाच वेगवेगळ्या वाईन आहेत. प्रत्यक्षात तीनच होत्या. ५ डॉलरची वाईन एकदा खऱ्या किमतीने आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून दिली. ९० डॉलरची वाईन एकदा १० डॉलरची म्हणून दिली. जास्त किंमत सांगितली की तीच वाईन जास्त आवडली. आणि लोक उगाच कौतुक करत नव्हते. मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं, त्यात आनंदाशी संबंधित भागातली हालचालही वाढलेली दिसली. नंतर किंमत न सांगता तीच वाईन दिली तेव्हा तो फरक उरला नाही.

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग तर औषधाचा. ८२ जणांना वेदनाशामक म्हणून गोळी दिली, जिच्यात औषध नव्हतंच. निम्म्यांना सांगितलं गोळीची किंमत अडीच डॉलर, बाकीच्यांना सांगितलं सवलतीत १० सेंट. विजेचा हलका झटका देऊन दुखणं मोजलं. महाग गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना दुखणं कमी वाटलं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांना.

आपल्याकडे डॉक्टरने फक्त दहा रुपयांची गोळी दिली की आजी म्हणते, "ह्याने काय होणार?" त्या आजीला कुठल्या संशोधनाची गरज नाही.

पण थांबा. हे वाचून उद्या सकाळी सगळ्या वस्तूंचे भाव दुप्पट करू नका. किंमत एकाच वेळी दोन गोष्टी बोलते. एका कानात सांगते "माल चांगला आहे", दुसऱ्या कानात सांगते "खिशातून एवढे जाणार". गिऱ्हाईक या दोन्हींची वजाबाकी करतं. मिळालं किती, दिलं किती. मराठीत आपल्याकडे यासाठी दोन छान वेगळे शब्द आहेत: किंमत आणि मोल. पाकिटावर किंमत छापता येते. मोल गिऱ्हाईक घरी जाऊन, खाऊन ठरवतं.

स्वस्त विकून जिंकलेला आणि स्वस्त म्हणून हरलेला

निरमा घ्या. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या अंगणात पावडर बनवून विकायला सुरुवात केली. सर्फच्या मानाने भाव साधारण चौथाई. तरी लोकांनी "स्वस्त म्हणजे बेकार" म्हटलं नाही. माझ्या मते कारण असं की कपडे धुण्याची पावडर पहिल्या बादलीतच पारखता येते. मळ निघाला की निघाला. शिवाय कपडे कुठल्या पावडरीने धुतले हे शेजाऱ्याला दिसत नाही.

आता टाटांची नॅनो. २००९ मध्ये बाजारात आली, 'लाखाची गाडी' म्हणून देशभर गाजली. गाडीत कल्पकता होती, इंजिनिअरिंग होतं. पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का बसला. गाडी दारात उभी राहते, चारचौघांना दिसते. स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्या माणसाला "मी वर आलो" हे दाखवायचं असतं, "मला हेच परवडलं" हे नाही. सुरुवातीला काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनी भर घातली. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं. स्वस्त गाडी अशी ओळख झाली, आणि ती करण्यात आमचाही हात होता, असं रतन टाटांनी स्वतः नंतर सांगितलं होतं.

एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत जे होतं ते आपल्या आंबापोळीच्या बाबतीत होणार नाही असं समजू नका.

आणि तिसरं उदाहरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. इथे गदारोळ झाला, कारण कोल्हापुरीला आधीच जीआय मानांकन आहे आणि कारागिरांचं नावही कुठे नव्हतं. मग प्राडाने प्रेरणा भारतीय आहे हे मान्य केलं, आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र-कर्नाटकात बनवून घेतलेल्या मर्यादित जोड्या सुमारे ८०० युरोला विकायची घोषणा झाली. कोल्हापुरात आपण त्याच घाटणीची चपल घेताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो! चामडं, शिलाई, वेणी यांत एवढा फरक असू शकतो का? फरक पडतो तो दुकान, नाव, खोका आणि "मर्यादित जोड्या" या दोन शब्दांनी. मला राग येतो तो प्राडाच्या किमतीचा कमी आणि आपल्या घासाघिशीचा जास्त.

आता पूर्णगडचं पाकीट

समजा, पूर्णगडमधल्या एक ताई घरी आंबापोळी करतात. (आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.) कॅनिंगला जाणारा आंबा त्या ३५ रुपये किलोने घेतात. रस काढून, ताटांवर पसरून, उन्हात थर वाळवून एक किलो पोळी व्हायला समजा ८ किलो आंबा लागला. तर आंबा २८० रुपये, साखर २०, पाकीट-लेबल ४०. झाले ३४०. एका किलोची २५० ग्रॅमची चार पाकिटं, म्हणजे पाकिटाला ८५ रुपये.

रस्त्यावरच्या दुकानात कारखान्याची आंबापोळी १२० ला मिळते. ताई म्हणतात, "माझी पण १२० ला लावते, पस्तीस रुपये सुटतात की!"

सुटतात का? आंबे धुणं, रस काढणं, चार-पाच दिवस ताटं उन्हात ठेवणं-उचलणं, माशा आणि कावळे हाकणं, पाकिटं भरणं. याची मजुरी एका किलोला १६० रुपये धरली, तर पाकिटाला ४० झाले. खरा खर्च १२५. म्हणजे ताई प्रत्येक पाकिटामागे ५ रुपये स्वतःच्या पदरचे देतायत. आणि तेच पाकीट दुकानदाराकडे ठेवलं आणि त्याने २५ टक्के कमिशन घेतलं, तर हातात ९० रुपये. ३५ रुपयांचा तोटा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत.

घरच्या बाईची मजुरी हिशोबात धरायची नाही, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. बचत गटांच्या मालात मला हे सगळ्यात जास्त दिसतं. माल उत्तम, भाव बघून वाटतं कुणीतरी दान करतंय.

पण पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरं आहे. कारखान्याची पोळी आणि ताईंची पोळी शेजारी ठेवल्या, दोन्ही १२० ला. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला चाखल्याशिवाय फरक कळणार कसा? भाव सारखा म्हणजे माल सारखा, असं तो मनात मांडतो. मग जिचं पाकीट चकचकीत ती उचलतो. ताईंनी आपल्याच हाताने सांगितलं की माझी पोळी आणि ती पोळी एकच.

आता २२० लावले तर? दारात थेट विकलं तर पाकिटामागे ९५ रुपये सुटतात. दुकानदाराचे ५५ गेले तरी १६५ येतात, खर्च १२५ वजा जाता ४० उरतात. समजा आधी १०० पाकिटं दारात खपायची. मजुरी धरून ५०० रुपये तोटा. २२० ला फक्त ४० खपली तरी ३,८०० रुपये नफा, आणि ६० पाकिटांची मेहनत वाचली. साठ टक्के गिऱ्हाईक गेलं तरी ताई फायद्यात. हे गणित व्हिडिओ थांबवून दोनदा बघा.

पण नुसता आकडा बदलून चालणार नाही. पिनेने बंद केलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर २२० लिहिलं तर लोक म्हणतील, "पर्यटक बघून लुटतायत." किंमत एकटी उभी राहत नाही, तिच्या बाजूला साक्षीदार लागतात. पोळीत काय आहे ते स्पष्ट लिहा: किती आंबा, किती साखर, रंग नाही. कुठल्या हंगामात केली ते लिहा. पूर्णगडचं नाव मोठं लिहा. नाव वापरायचा हक्क तुम्हाला आहे, कारखान्याला नाही. फक्त 'हापूस' लिहाल तर आंबा खरंच हापूस असू द्या, आणि जीआयचा लोगो नोंदणी केल्याशिवाय लावू नका. एमआरपी, निव्वळ वजन, तारीख, पत्ता, अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक हे तर कायद्यानेच लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे सगळं वाचून गिऱ्हाइकाचा हात सैल होतो.

आणि सगळ्यात स्वस्त साक्षीदार: चव. एक पोळी छोटे तुकडे करून ताटलीत ठेवा. चाखलं की तुमचा माल हापूससारखा झाकलेला राहत नाही, मासळीसारखा उघडा होतो. चांगला माल असणाऱ्याने चाखवायला घाबरू नये. जो घाबरतो त्याने २२० लावू नयेत, कारण जास्त किंमत अपेक्षाही वाढवते. १२० च्या पोळीत एखादा कडक तुकडा निघाला तर माणूस सोडून देतो. २२० च्या पोळीत निघाला तर दहा जणांना सांगतो.

काही फुटकळ, पण कामाच्या गोष्टी

भेटीसाठी घेणारं गिऱ्हाईक वेगळं. ऑफिसातल्या साहेबांना, सुनेच्या माहेरी द्यायला घेणाऱ्याला स्वस्त वस्तू नकोच असते. ती हातात द्यायला त्याला संकोच वाटतो. त्याच्यासाठी अर्धा किलोचा चांगला खोका करा, ५०० रुपयांना. शंभर ग्रॅमचं पाकीट ९५ ला ठेवा, ज्याला फक्त चव घ्यायची आहे त्याच्यासाठी. खोका समोर असला की २२० चं पाकीट मधलं, समजूतदार वाटतं. हे खोटं नाही, फक्त मांडणी आहे.

चाकरमानी घासाघीस करणार. "आपल्याच गावचं, तरी एवढे?" त्याला भाव कमी करू नका. एकाला कमी केलात की दुसऱ्याला कळतं, आणि २२० खोटे ठरतात. फार तर हातावर एक तुकडा जास्तीचा ठेवा. गावातल्या माणसांसाठी बिनलेबलाची, सुटी पोळी वजनावर वेगळ्या भावाने द्या. वस्तूच वेगळी केली की भाव वेगळा असल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

बारमाही सूट नको. एमआरपी ४०० छापून त्यावर काट मारून २२० लिहिणं तर नकोच. गिऱ्हाईक हुशार झालंय, आणि ही फसवणूक आहे. १९९-२९९ चे आकडे मोठ्या दुकानांना शोभतात. घरगुती मालाला गोल आकडा जास्त प्रामाणिक दिसतो, असं माझं मत. पटत नसेल तर एक महिना दोन्ही करून बघा.

भाव वाढवायचाच असेल तर हंगामाच्या तोंडाशी, नव्या पाकिटासह वाढवा. जुन्याच पाकिटावर नवा भाव चिकटवला तर लोकांना फक्त वाढ दिसते.

आणि मासळी, भाजी, नारळ विकणाऱ्यांनी हा धडा आपल्याला लागू करू नये. तुमचं गिऱ्हाईक पारखून घेतं. तुम्ही ताजेपणा आणि वजनाचा काटा सांभाळा.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या एका वस्तूचा खर्च स्वतःच्या मजुरीसह काढा. मग ती वस्तू न चाखता, न वापरता गिऱ्हाईक तिचा दर्जा कशावरून ओळखेल, अशा खुणा लिहून काढा. तीनपेक्षा कमी निघाल्या तर भावाला हात लावायच्या आधी पाकिटाला हात लावा. पुढच्या व्हिडिओत लेबलवर काय लिहायचं ते बघू, कोकम आगळाची बाटली समोर ठेवून.